मापाड्याचं वजन

सावद्याला केळीच्या वखारीत चाळीस वर्षं काटा धरला मी.
घड टांगायचा, दांड्याची वजावट धरायची,
आकडा ओरडायचा असा की
शेतकऱ्यालाही ऐकू जावा, व्यापाऱ्यालाही.
माझ्या आकड्यावर कोणी बोट ठेवलं नाही.

आता रोज सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, चहाआधी,
द्वारका मला काट्यावर उभं करते.
बासष्ट सहाशे.
कॅलेंडरवर लिहिते, दुधाच्या खाड्याशेजारी.
दोन दिवसांत दोन किलो चढले तर ते अंग नव्हे, पाणी,
असं डॉक्टर फिरके म्हणाले भुसावळला,
नडगीवर अंगठा दाबून, खड्डा भरायची वाट बघत.
"पंप थकलाय, नेहेते. वरचे कप्पे नुसते थरथरतात."
मी म्हटलं, साहेब, काटाही थरथरतो,
थांबल्याशिवाय आकडा धरत नाहीत.
ते म्हणाले, हा थांबला तर कसं?

मग गोळ्या. एक रक्त पातळ करायची,
एक ठोके आवरायची, एक लघवीची.
लघवीच्या गोळीने पोटॅशियम जातं, केळं खा.
महिन्याने अजून एक गोळी आली, ती पोटॅशियम धरून ठेवते,
आता केळं खाऊ नका.
सावद्याच्या माणसाला!
आणि पाणी दिवसाला सव्वा लिटर.
मे महिना, पारा सेहेचाळीस,
तांब्यावर द्वारकाने नखपॉलिशची लाल रेघ ओढली.
गच्चीवर शेजारणीच्या बिबड्या वाळत होत्या,
त्यांच्यातलं मीठ मला जिन्यात वास यायचं.

सगळ्यात लहान गोळी ती, पांढरी, तिळापेक्षा थोडी मोठी.
कुठल्याशा विलायती झाडाच्या पानांतून निघते म्हणे,
घंटेसारखी फुलं येतात त्याला.
सोमवार ते शुक्रवार घ्यायची.
शनिवार-रविवार सुट्टी, कचेरीसारखी.
मला हे पटेना. हृदयाला कुठली सुट्टी?
पाच दिवसांनी बरं वाटतं तर सातांनी अजून.
द्वारकाच्या नकळत एक पट्टी आणली,
जुन्या पावतीपुस्तकात लपवली.
दीड महिना कोणाला कळलं नाही.
जेवण जाईना झालं. भरीत समोर आलं तरी मळमळ.
मी म्हटलं, ऊन आहे.

एका संध्याकाळी वखारीत बसलो होतो स्टुलावर.
गाडी भरत होती, दिल्लीची.
मी ओरडलो, थांबा रे, माल पिकलाय,
रस्त्यात काळा पडेल!
हमाल एकमेकांकडे बघू लागले.
जुम्मा तडवी खांद्यावरचा घड घेऊन जवळ आला.
"काका, हिरवागार आहे."
पिवळा होता.
जुम्माची टोपी पिवळी होती,
माझं धोतर, माझा तळवा,
दूरचा सातपुडा पिवळा, हळदीत बुडवून काढल्यासारखा.
चाळीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या शब्दावर
कोणी विश्वास ठेवला नाही,
आणि बरं झालं.

जुम्मानेच पिकअपमध्ये घातलं. द्वारका पुढे बसली, गप्प.
फिरके साहेबांनी नाडी धरली, घड्याळ बघत राहिले.
अडतीस.
"पिवळं दिसतं का हो तुम्हाला?"
कसं कळलं यांना?
"किती घेत होता?"
आकडा मला पाठ होता. तोंडातून निघेना.
मग द्वारकाने पिशवीतून पावतीपुस्तक काढलं.
तिला कधीपासून माहीत होतं, मी विचारलं नाही,
तिने सांगितलं नाही.

चार दिवस छातीला तारा. पिवळं हळूहळू उतरलं,
आधी चादरीवरून, मग भिंतीवरून.
आता अर्धीच गोळी, ती ब्लेडने कापते,
चुरा पडला तर बोटाने टिपून माझ्या जिभेवर ठेवते.
शनिवारचा कप्पा रिकामा असतो.
मी उघडून बघतोच.

संध्याकाळी वखारीत जातो. काटा आता विजेचा,
आकडा लाल दिसतो, ओरडावं लागत नाही.
जुम्मा घड घेऊन जाताना मी विचारतो,
रंग काय रे?
"हिरवा, काका."
कच्चा?
"कच्चा. दिल्लीपर्यंत जाईल."